कापसातली पावलं

माझ्या पायांनी माझ्याशी बोलणं टाकलं आहे, ही बातमी मला माझ्या सुनेने दिली. चैत्रातली दुपार होती. मी गल्लीच्या टोकाच्या घरी मूगवड्या घालायला गेले होते आणि घरी येऊन ओसरीत पाणी पीत बसले होते. वंदनाने, म्हणजे माझ्या सुनेने, माझ्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, "आई, दुसरी चप्पल कुठी ठेवली?" मी खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय उघडा. चप्पल सापडली त्याच घराच्या नालीजवळ, उलटी पडलेली. म्हणजे अख्खी गल्ली, चैत्राच्या उन्हात तापलेली, मी एका उघड्या पायाने चालून आले होते आणि माझ्या त्या पायाने मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. वंदना हसली नाही. मी मात्र पोटभर हसले, कारण मी हसले नसते तर ती जे बोलणार होती ते मला ऐकावं लागलं असतं.

शुगर मला बारा-तेरा वर्षांपासून. गोळ्या घेते, चहा फिका पिते, निदान कोणी पाहत असेल तेव्हा तरी. त्या चपलेच्या प्रकरणानंतर वंदना मला वर्ध्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर माझ्या नातवाच्या वयाचे. त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि नायलॉनच्या दोऱ्यासारखं काहीतरी तळव्यांना टेकवत विचारू लागले, लागते का? मी म्हटलं, हो. पुन्हा विचारलं, हो. परीक्षेत नापास व्हायचं वय नव्हतं माझं. मी अंदाजाने, ताल धरून, हो हो म्हणत गेले. शेवटी ते शांतपणे म्हणाले, "बाई, या वेळी मी तुमच्या पायाला हात लावलाच नाही." वंदना भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. ती तिथे हसत होती की रडत होती, हे मी अजून विचारलेलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही, न्हाणीघरापर्यंतसुद्धा नाही. पायात घालण्याआधी जोडा झटकायचा, आत हात घालून पाहायचा. रोज संध्याकाळी तळवे पाहायचे, वाकता येत नसेल तर आरसा धरायचा. आणि जोडे लिहून दिले: काळे, पुढून बंद, मऊ तळाचे, वरून दोन पट्टे. ते आणले तेव्हा मी त्यांचं नाव म्हशी ठेवलं. घरात तेच नाव चाललं. बाहेर निघाले की वंदना विचारायची, "आई, म्हशी बांधल्या का?" आणि मी म्हणायची, बांधल्या, चरायला नेते. तळवे पाहण्याचं मात्र मी दोन-चार दिवस केलं आणि सोडलं. स्वतःचे तळवे काय पाहायचे? तिथे काय नवीन उगवणार होतं?

खरं कारण दुसरंच होतं. मला माझ्या पायांचा पहिल्यापासून गर्व. आता त्या गर्वाची गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आर्वी आणि पुलगावच्या मधल्या या गावात मी अठराव्या वर्षी सून म्हणून आले. तेव्हा इथल्या शेतात जाणाऱ्या बाईच्या पायात चप्पल नसे. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, जन्मभर अनवाणी चालल्या. त्यांच्या टाचांच्या भेगांत मुगाचा दाणा सहज लपला असता. मी नवी, गोरटेली, पायात जोडवी, आणि मनात एकच ध्यास. गावात एक मास्तरीणबाई होत्या, त्यांच्याकडे लाल पट्ट्याच्या चपला होत्या. त्या चालल्या की चट्‌चट्‌ आवाज यायचा, आणि तो आवाज ऐकला की मला भाकरी गोड लागायची नाही.

आमच्याकडे नवरात्रात अष्टमीला टेकडीच्या मायकडे पायी जायची रीत आहे. गावापासून दोन-अडीच कोस. टेकडीच्या माथ्यावर लहानसं देऊळ आणि आत मायची मूर्ती नाही, दगडात कोरलेली नुसती दोन पावलं. चेहरा नाही, हात नाहीत, शस्त्र नाही. त्या दिवसांत शेतात कापसाची पहिली बोंडं फुटलेली असतात. प्रत्येक घरून पहिल्या वेचणीतला मूठभर कापूस मायच्या पावलांवर वाहायचा. दसऱ्यापर्यंत ती पावलं कापसात अशी बुडून जातात की पुजाऱ्याला चाचपून कुंकू लावावं लागतं. आत्याबाई तो कापूस पदराच्या गाठीत बांधून न्यायच्या आणि वाटेत दहादा गाठ चाचपायच्या.

पहिल्याच वर्षी मी त्यांच्यासोबत गेले. बाकीच्या सुना डोळे मिटून लेकरू मागत होत्या. मी डोळे मिटून लाल पट्ट्याच्या चपला मागितल्या. वरून नवस बोलले, दे, मी पाच वर्षं तुझ्याकडे अनवाणी येईन. काय थोर भक्ती! घरात चप्पलच नव्हती, तर मी दुसरी कशी जाणार होते? मायनेही त्या मूर्खपणाचं कौतुकच केलं असावं, कारण पुढच्या पोळ्याला आमच्या घरच्यांनी पुलगावच्या बाजारातून खरंच चपला आणल्या. लाल पट्ट्याच्या. मी त्या उशाशी घेऊन झोपले.

आणि मग अडचण झाली. चपला नव्हत्या तोवर अनवाणी चालणं सोपं होतं. चपला आल्यावर प्रत्येक खडा टोचू लागला. दुसऱ्या वर्षी मी ओटीच्या पिशवीत, नारळाखाली, चपला लपवून नेल्या. काटा रुतला म्हणून मागे बसायची, आत्याबाई आणि बाकी बायका पुढे गेल्या की चपला घालायची, टेकडीच्या अलीकडच्या नाल्यापाशी पुन्हा पिशवीत. तिसऱ्या वर्षीही तेच. पण त्या वर्षी आत्याबाईंनी मागे वळून पाहिलं. मी रस्त्याच्या मधोमध, पायात लाल पट्टे, हातात नारळ. मला वाटलं, आता माझी वरात माहेरी निघणार. त्या एवढंच म्हणाल्या, "घाल वं पोरी. तुह्या पायाले टोचलं त मले बरं वाटन काय?" आणि पुढे चालू लागल्या.

हा टोमणा आहे, असं मी धरून चालले. सासू दुसरं काय बोलणार? पुढे लेकरं झाली, बैलबंडीने जाऊ लागलो, मग एसटीने, मग लेकाच्या गाडीवर. आत्याबाई गेल्या. नवस पाचांपैकी एकच वर्ष खरा झाला, दोन वर्षं लबाडीची, आणि दोन राहूनच गेली. दर नवरात्रात ते एवढंसं मनात टोचायचं. पाय टोचायचे थांबले तरी हे टोचायचं थांबलं नाही.

तर मागच्या नवरात्राच्या आधी माझी नात सोनू आमच्याकडे आली. वंदनाची लेक, दिली पुलगावात. आधी एकदा तिचं बाळ पोटातच गेलं होतं. या वेळी सहावा महिना संपता संपता डॉक्टरांनी सांगितलं, खाटेवरून उठायचं नाही, पाय खाली टेकवायचा नाही. मधल्या खोलीत ती पडून असायची, वरच्या पंख्याकडे पाहत. लहानपणी ही पोरगी एका जागी बसायची नाही, मी तिच्यामागे ताट घेऊन गावभर धावले आहे. आता ती हलत नव्हती. एकदा मी तिचे केस विंचरत होते, तर तिने माझ्याकडे न पाहता विचारलं, "आजी, या वेळी राहीन ना वो?"

मी विंचरत राहिले. खिडकीतून टेकडी दिसते आमच्या, लांब, निळसर. आणि मला वाटलं, माय विसरलेली नाही. माझ्या त्या नारळाखालच्या चपला तिने तेव्हाच पाहिल्या होत्या आणि आता ती माझ्या नातीच्या बाळातून विचारते आहे. मी मनातल्या मनात बोलून टाकलं: यंदा पूर्ण अनवाणी येते, माय. हे बाळ राहू दे.

अष्टमीला सकाळी वंदनाला मी सांगितलं की बायकांसोबत अर्ध्या वाटेपर्यंत पायी जाते, तिथून ऑटोने. तिने खाली बसून स्वतःच्या हाताने म्हशींचे पट्टे लावले, दोनदा ओढून पाहिले. गावाबाहेर एसटीचा थांबा आहे, त्याच्या भिंतीआड जाऊन मी ते पट्टे सोडले आणि म्हशी पिशवीत घातल्या. वर कापसाची पुरचुंडी, त्यावर नारळ. पिशवीचं तोंड बांधताना मला ती एकोणीस वर्षांची लबाड पोरगी आठवली आणि हसू फुटलं. तिने घालण्यासाठी लपवल्या होत्या, ही म्हातारी काढण्यासाठी लपवत होती. अक्कल मात्र दोघींची एकाच मापाची.

खोटं नाही बोलत, पहिले दोन तास मी फार सुखात होते. दोन्ही बाजूंनी कपाशी फुटलेली, सकाळचं ऊन, पायाखाली तीच जुनी वाट. मला पुढे आत्याबाईंची पाठ दिसत होती, विटकं हिरवं नऊवारी, कमरेपाशी ती कापसाची गाठ. त्या चालायच्या तशी मी चालले. दहा वाजता डांबर तापलं. बाकीच्या बायका रस्त्याच्या कडेच्या गवतावरून उड्या मारत जाऊ लागल्या आणि मी मधोमध, राणीसारखी. पुढे सोयाबीन नुकतंच काढलेल्या शेतातून आडवाट आहे. कापलेल्या सोयाबीनची धसकटं म्हणजे उभ्या केलेल्या सुया. तरण्या पोरी आई गं करत होत्या. मी सरळ पार झाले. एकीने विचारलं, तुमाले टोचत नाई काय वो? मी म्हटलं, "मले माय उचलून नेऊन राह्यली." झालं! ती वाकून माझ्या पाया पडली. मग आणखी तिघी पडल्या. मी सगळ्यांना आशीर्वाद देत सुटले. एकीला तर मुलगाच होईल म्हणून सांगितलं, तिचं लग्न व्हायचं होतं.

डॉक्टरांनी ज्याला रोग म्हटलं होतं, त्याला मी कृपा समजले. मला ते दोन्ही शब्द माहीत होते. सोयीचा होता तो घेतला.

टेकडीच्या पायथ्याशी पायऱ्या सुरू होतात, तिथे एक बाई लोकांच्या चपला सांभाळायला बसते. पोत्यावर जोड्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीला सुतळी. माझ्याच वयाची असेल, वाळलेली, पांढऱ्या केसांची. ती कोणाच्या तोंडाकडे पाहत नव्हती. मी तिच्यापुढून जाताना मोठ्या तोऱ्यात म्हटलं, आमच्या चपला नाईत ठेवाले, आमी अनवाणीवाले. आणि चार पायऱ्या चढले.

"बाई, थांबा. मांगं पाहा."

मी मागे पाहिलं. पायऱ्या सकाळी धुतलेल्या, स्वच्छ. आणि त्यांवर लाल पावलं उमटलेली. टाच, चवडा, बोटं, सगळं ठसठशीत. भादव्यात महालक्ष्म्या घरात आणताना आपण दारापासून कुंकवाची पावलं काढतो ना, अगदी तशी. मला वाटलं, मायच आली. मी हात जोडले. माझ्याच रक्ताला हात जोडून मी त्या पायरीवर उभी होते, आणि मग माझ्या लक्षात आलं की पावलं एकाच पायाची आहेत, डाव्या पायाची, आणि त्यातलं शेवटचं माझ्या पायाखाली आहे.

त्या बाईने मला धरून खाली आणलं, पोत्यावर बसवलं आणि माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. मी पाय ओढू लागले, तर तिने सोडला नाही. पिण्याच्या बाटलीतलं पाणी ओतून तिने तळवा धुतला. टाचेत बाभळीचा काटा शिरून आत मोडला होता. उजव्या तळव्यावर डांबराने पापडाएवढा फोड आणला होता. मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. मी म्हटलं, काटा उपटून टाक अन् हळद भर. ती म्हणाली, हळद-बिळद काही नाही, हे दवाखान्यात काढतील. पिशवीतून धुतलेला सुती रुमाल काढून तिने पाय गुंडाळला.

"शुगर हाये ना तुमाले?"

"तुमाले कसं समजलं?"

"ज्याले दुखते थो बोंबलते. तुमी त हासून राह्यल्या."

मग तिने तिच्या घरच्याचं, म्हणजे नवऱ्याचं सांगितलं, माझ्याकडे न पाहता, रुमालाची गाठ मारता मारता. तो बंडी हाकायचा. जोड्यात खिळा वर आला होता, तीन दिवस त्याच खिळ्यावर चालला. दुखत नव्हतं म्हणून बरंच आहे, असं समजला. वास आला तेव्हा दवाखान्यात नेलं. गुडघ्याखालून पाय काढावा लागला. त्यानंतर तो दोन वर्षं जगला, पण आधीचा माणूस राहिला नाही. "दुखलं असतं त वाचला असता," ती म्हणाली. "तवापासून मी तोंडं नाई पाहत. पाय पाहते."

मी ऐकून घेतलं, पण डोकं फिरलेलंच होतं. वर जायचंच म्हणून हट्ट धरला. ती म्हणाली, माय तिथंच राहणार आहे, तुमचा पाय राहील का? तेव्हा जे मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं ते त्या परक्या बाईला सांगून बसले. सोनूचं, बाळाचं, लाल पट्ट्याच्या चपलांचं, सगळं. "आता मांगं फिरली त त्या लेकराचं काय होईन?" मी म्हटलं.

माझ्या पिशवीत जोडे शोधायला तिने हात घातला, तर आधी कापसाची पुरचुंडी हाताला लागली.

"हे कोनासाठी?"

"मायच्या पायासाठी."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? रीत हाये."

"रीत हाये, मले बी मालूम हाये. पन काऊन?"

पन्नास वर्षं मी ती रीत करत होते. का, ते स्वतःला कधी विचारलं नव्हतं. तिने पुरचुंडी माझ्या हातात ठेवली. "दगडाचे पाय हायेत थे. त्याले काय टोचनार हाये? तरी आपन कापूस घालतो. मायले टोचू नये म्हून. अन् तिलेच भेटाले तुमी काट्यातून येता. तिले पाहावन का हे?"

मला तिथे, त्या पोत्यावर, लोकांच्या चपलांच्या मधे, आत्याबाईंचा आवाज ऐकू आला. तुह्या पायाले टोचलं त मले बरं वाटन काय. तो टोमणा नव्हता. तो टोमणा कधीच नव्हता. ज्या बाईने जन्मभर मायच्या पायांसाठी पदरात कापूस बांधून नेला, जिच्या स्वतःच्या भेगांखाली कोणी चिमूटभरही कधी घातला नाही, तिने सुनेच्या पायातल्या लाल चपला पाहिल्या आणि तिला बरं वाटलं होतं. आणि मी मूर्ख, पन्नास वर्षं ते वाक्य उलटं धरून बसले होते. मी रडले. माझ्या पाया पडलेल्या त्या चौघी बाजूला उभ्या होत्या, कुठे पाहावं त्यांना कळत नव्हतं.

कापूस मी त्यांच्यातल्या एकीकडे दिला, वर वाहायला. बसल्या जागेवरून टेकडीला हात जोडले. नवस पुरा झाला नव्हता, आणि मनात म्हटलं, माय, माझ्याच्याने होत नाही. आता तू पाहा. असं मी तिला जन्मात कधी म्हटलं नव्हतं. मी नेहमी काही ना काही देऊन काही ना काही मागत आले होते.

चपलावाल्या बाईने माझा फोन मागितला, घरी कळवायला. मी म्हटलं, सुनेचा नंबर आठवत नाही. ती म्हणाली, "फोनात असन ना. सून असन त सूनच लिवलं असन." तसंच लिहिलं होतं. अर्ध्या तासात लेक आणि वंदना आले. वंदनाने पिशवीतल्या कोरड्या ठणठणीत म्हशी पाहिल्या आणि पिशवीचं तोंड घट्ट बांधून टाकलं. त्यापेक्षा बोलली असती तर बरं होतं.

वर्ध्याला डॉक्टरांनी काटा काढला. मग त्याच पायाच्या करंगळीच्या खाली, जाड झालेल्या चामडीच्या आत, त्यांना दुसरी जखम सापडली. ही आजची नाही, ते म्हणाले, पंधरा-वीस दिवसांची असेल. ती वाहत नव्हती, दुखत नव्हती, आतल्या आत वाढत होती. आणखी थोडे दिवस गेले असते तर किती कापायचं यावर आपण बोलत असतो, असं ते म्हणाले. काट्यातून रक्त आलं म्हणून कोणीतरी तो पाय हातात घेतला. नाहीतर मी टेकडी चढून, दर्शन घेऊन, पावती मिळाल्यासारखी घरी येऊन झोपले असते. हे कसं जुळून आलं, त्यावर मी वाद घालत नाही. झालं ते सांगितलं.

औषधं, पट्ट्या आणि दीड महिना पाय खाली टेकवायचा नाही, असा हुकूम झाला. मग काय विचारता. मधल्या खोलीत दोन खाटा लागल्या. एकीवर सोनू, एकीवर मी, दोघींनाही पाय टेकायची बंदी. वंदना दोघींना एकच शिवी देऊन ताट आणायची. मी सोनूला जुन्या गोष्टी सांगायची, मास्तरीणबाईंच्या चपलेचा आवाज काढून दाखवायची. ती म्हणायची, आजी, हसवू नको, मले हलाचं नाई. पट्टी बदलून झाली की वंदना सोनूच्या हातात आरसा द्यायची, आणि सोनू पडल्या पडल्या हात लांबवून माझ्या दुसऱ्या तळव्यापुढे आरसा धरायची. लाल आहे का, फाटलं आहे का, बोटांच्या मधे ओलं आहे का, पाहायची. मग मी हात लांबवून तिच्या पोटावर ठेवायची. लेकरू आतून लाथ मारायचं. मला पायाने काही कळत नव्हतं, पण हाताने ते पाऊल कळायचं.

माझ्या पायाला लोकांनी हात लावलेला मला फार आवडायचा, वरून, नमस्कारासाठी. तळवा दाखवायला मात्र लाज वाटायची. त्या दीड महिन्यात तीच लाज हळूहळू गेली. देवापुढे डोकं टेकवणं मला कधी जड गेलं नाही. दुसऱ्याच्या हातात पाय देणं जड गेलं. शरण जाणं म्हणजे काय, ते मी कीर्तनात पुष्कळ ऐकलं होतं. कळलं ते खाटेवर, आरशात.

पौषात सोनूला मुलगी झाली. अंगाने बारकी, पण रडण्याचा आवाज माझा. तिला माझ्या मांडीवर दिलं, तर मी सवयीने आधी तिचे दोन्ही तळवे पालथे-उलथे करून पाहिले, बोटांच्या मधे पाहिलं. सगळं घर हसलं.

यंदाच्या अष्टमीला आम्ही सगळे ऑटोने टेकडीला गेलो. म्हशी बांधलेल्या होत्या, वंदनाने नव्हे, मीच. देवळासाठी मी वेगळे कापडी जोडे शिवले होते, जुन्या गोधडीचे, आत आमच्या शेतातला कापूस भरलेला, जे दुसरीकडे कुठेच घालायचे नाहीत. चपलावाली बाई तशीच बसली होती. मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, ओळखलं का? तिने तोंडाकडे पाहिलं. तिला काही ओळख पटली नाही. मी मागच्या वर्षीचं सांगू लागले, तर ती म्हणाली, "पाय दाखवा."

मी पोत्यावर बसले, डावा जोडा काढला, मोजा काढला आणि तळवा तिच्यापुढे केला. तिने टाचेवरच्या वणावरून अंगठा फिरवला.

"हो. बाभळीचा काटा," ती म्हणाली. "नातीचं काय झालं?"

सोनूने लेकरू तिच्या मांडीवर ठेवलं. तिने आधी त्याचे पाय पाहिले, मग तोंड पाहिलं, आणि पहिल्यांदा हसली.

म्हशी तिच्याकडे ठेवल्या, कापडी जोडे घातले आणि मी वर गेले. एका बाजूने लेक, एका बाजूने वंदना. पुजाऱ्याने माझ्या जोड्यांकडे पाहिलं आणि विचारलं, नवे आहेत का? मी म्हटलं, नवे हायेत, अन् आतून मायले वाहतो थोच कापूस हाये. तो बाजूला सरला. मी मायच्या पावलांवर एक मूठ आमच्या घरची वाहिली आणि दुसरी मूठ आत्याबाईंच्या नावाची. काही मागितलं नाही. मागायचं राहिलंच नव्हतं.

खाली आले तेव्हा माझे जोडे ती शोधत होती. सापडले, तशी तिने ते माझ्यापुढे ठेवण्याआधी एकेक उचलला, उलटा करून झटकला, मग आत हात घालून पार टोकापर्यंत चाचपलं, खडा-बिडा नाही ना. आणि मग माझ्या पायांपाशी, टाचा माझ्याकडे करून, सरळ मांडले.

मी हात जोडले. या वेळी कोणाला जोडले, ते स्वतःला विचारलं नाही.